वाचक विचारतात : गंजलेली काँटेसा घरीच उभी करायची तर

जुन्या गाड्यांच्या बॉडीचं काम घरच्या शेडमधे करणाऱ्यांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतोय. बहुतेकांनी रंगाबद्दल विचारलंय, कुठली शेड, कुठली कंपनी, किती कोट. रंगावर बोलूच, पण माझं स्पष्ट मत आहे की जुनी गाडी टिकते की नाही हे पत्र्यावर ठरतं, आणि पत्रा टिकतो की नाही हे पाणी कुठून येतंय ते तुम्ही शोधलं की नाही यावर. म्हणून पत्र्याची पत्रं आधी.

प्रश्न : नमस्कार दादा, नाशिकच्या जेलरोडला आमच्या घराच्या शेडमधे वडिलांची काँटेसा क्लासिक ताडपत्री टाकून बरीच वर्षं उभी आहे. इंजिन फिरतं. पण दाराखालचे दोन्हीकडचे सिल खालून गेलेत आणि ड्रायव्हरच्या पायाखाली फ्लोअरला भोक आहे. एक डेंटर म्हणाला वरून पत्रा मारतो, लांबी (पुट्टी) भरतो, पेंट करून देतो, दहा वर्षं बघायला नको. मला मात्र स्वतः करायचंय, मस्टँगचे व्हिडिओ बघून वेड लागलंय, आपली काँटेसा म्हणजे आपली मसल कारच ना. सुरुवात कुठून करू?

उत्तर : भाऊ, पहिलं म्हणजे त्या डेंटरला नाही सांगा. गंजावर नवा पत्रा ठोकला की मधे फट राहते, त्या फटीत पाणी आणि माती अडकते, आणि जुना गंज नव्या पत्र्यालाही खातो, फक्त आता तो तुम्हाला दिसत नाही एवढंच. दुसरं, तुमच्या गाडीत सिल म्हणजे शोभेची पट्टी नाहीये. काँटेसाची बॉडी ब्रिटनच्या १९७२ च्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरवरून आलेली, हिंदुस्तान मोटर्सने ती १९८४ ते २००२ उत्तरपाड्याला बनवली, आणि तिला जीपसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. गाडी मधे वाकू नये म्हणून जो भार घ्यायचा तो दोन्ही सिल आणि फ्लोअर मिळून घेतात. ते गेले असतील तर दार उघडल्यावर दार किंचित खाली येतं आणि लावताना उचलून लावावं लागतं, हे तुमच्याकडे होतंय का आजच बघा.

मसल कारचं म्हणाल तर अमेरिकेत तो शब्द १९६४ च्या पाँटिअ‍ॅक जीटीओसारख्या गाड्यांना लागतो, मध्यम बॉडीत मोठं व्ही-एट इंजिन. आपल्या काँटेसाला सुरुवातीला अँबॅसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं, नंतर इसुझूचं १८१७ सीसीचं आलं तेव्हा कुठे गाडी मोकळी पळायला लागली. पण लांब बॉनेट, रुंद नाक, रस्त्यावरचा रुबाब, यासाठी लोक तिला मसल कार म्हणतात आणि मला ते पटतं.

तुमच्या व्हिडिओतल्या मस्टँगलाही वेगळी चासी नाही, पण तिथे फ्लोअर, सिल, फेंडर सगळं तयार मिळतं, अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते. आपल्याला पत्रा हाताने घडवावा लागणार. त्या मस्टँगवरून एक गोष्ट मात्र जरूर घ्या. जुन्या मस्टँगमधे समोरच्या काचेखाली हवा आत घ्यायला जाळी असते, तिच्या खालच्या खोलगट भागात पाला साचून पत्रा आतून सडतो आणि पाणी थेट पायापाशी गळतं. लोक फ्लोअर बदलतात आणि फ्लोअर पुन्हा सडतो, कारण पाणी वरून येतंय हे बघितलेलंच नसतं.

म्हणून कापायच्या आधी पाण्याची परीक्षा घ्या. सीटा, मॅट, मॅटखालचा नमदा सगळं काढा. हा नमदा फार वाईट, वरून कोरडा लागतो पण मुठीत दाबला की तपकिरी पाणी सुटतं, असं असेल तर तो ठेवायचा नाही, फेकायचा. मग एकाने टॉर्च घेऊन आत पायाशी झोपायचं आणि दुसऱ्याने बाहेरून मगने हळूहळू पाणी ओतायचं, एका वेळी एकच जागा. आधी काचेच्या रबराचा खालचा कोपरा, पाच मिनिटं थांबा, मग बॉनेटच्या मागची जाळी, मग दाराची काच. पाइप लावून सगळीकडे एकदम फवारा मारला तर काहीच कळत नाही. बाहेर पाणी एका जागी शिरतं आणि आत भलत्याच ठिकाणी दिसतं, ते आतल्या पत्र्याच्या कडेकडेने वाहत येतं, त्यामुळे ओल जिथे दिसली तिथून बोटाने वर वर चाचपत जायचं. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला भोकं असतात ती तारेने मोकळी करा, बहुतेक वेळा तिथून ओंजळभर माती आणि पाला निघतो, आणि तुमचे सिल सडायला हातभार त्याचाच. ताडपत्रीपण काढा, जमिनीतली ओल ती खालीच कोंडून धरते, शेड आहे तर गाडी उघडी राहू द्या किंवा सुती कापड टाका.

मग हातोडीच्या मागच्या टोकाने खालून हलकं वाजवत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बदबद. शंका आली तिथे स्क्रूड्रायव्हर दाबा, भसकन आत गेला तर खडूने गोल करा. चाकांच्या कमानीची आतली बाजू, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, बॅटरीखालचा पत्रा, पुढच्या पिलरचं बूड, जॅक लावायची जागा, हे सगळं बघितल्याशिवाय किती पत्रा लागेल याचा अंदाज बांधू नका.

कापताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन्ही सिल एकदम कापणं किंवा गाडी मधोमध जॅकवर असताना कापणं. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या, घोड्या सस्पेन्शनच्या जागी, चारही सारख्या लेव्हलला. दार बसवलेलं असतानाच दाराभोवतीच्या फटी मोजून भिंतीवर लिहा, दाराच्या मोकळ्या चौकटीचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे दोन्ही तिरकी मापंसुद्धा. मग चौकटीत आडवा आणि तिरका चौकोनी पाइप वेल्डिंगचा टाका मारून बसवा आणि एकच बाजू उघडा. ती पूर्ण जोडून, दार परत लावून फटी जुळल्या की मगच दुसरी बाजू. सिल बाहेरून एक पत्रा दिसतो पण आत थर असतात, बाहेरचा नवा आणि आतला सडका असं केलंत तर काम केलंच नाही असं समजा.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) घ्या, बाहेरच्या बॉडीला २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिमी, सिलच्या आतल्या भागाला १८ गेज, १.२ मिमी. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नको, वेल्डिंगला जस्ताचा धूर होतो आणि तो अंगात ताप आणतो. आणि नाशिकमधे राहण्याचा फायदा घ्या की, जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जा, बेंडिंग मशीनवर सिलचे सरळ घाट घालून देतात, ते घरी हातोडीने सरळ येत नाहीत. गोलाई मात्र घरीच डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) आणि हातोडीने, थोडं थोडं, दर दोन ठोक्यांनी नमुना लावून बघत.

प्रश्न : ओझरहून लिहितोय. फियाटच्या फ्लोअरला पॅच मारतोय, वेल्डिंग लावलं की भोक पडतं, भोक भरायला गेलो की मोठं होतं. शेजारचा वेल्डर म्हणतो करंट कमी कर. आर्कवर करू का मिगवर?

उत्तर : मिगवरच, म्हणजे वायर आपोआप पुढे येते त्या मशीनवर. गेट आणि ग्रिलच्या वेल्डरचा आर्क म्हणजे रॉडच्या मशीनवर हात कितीही बसलेला असला तरी एवढ्या पातळ पत्र्याला ती आच सोसत नाही. पण भोक पडायचं खरं कारण बहुतेक वेळा करंट नसतो, तुम्ही नवा पत्रा सडलेल्या पत्र्याला जोडताय हे असतं. गंजाने खाल्लेली कड पापडाएवढी राहिलेली असते, ती वितळणारच. अजून मागे कापा, ग्राइंडर फिरवल्यावर खड्डे न दिसता स्वच्छ पांढरा पत्रा दिसेपर्यंत. दोन बोटं जास्त कापलं तर काही बिघडत नाही.

वायर ०.८ मिमी किंवा ०.६ मिळाली तर अजून बरं, गॅस आर्गॉन आणि सीओटूचं मिक्स्चर, आणि पंखा बंद, नाहीतर गॅस उडून जातो आणि टाका स्पंजासारखा भोकाभोकांचा येतो. बिनगॅसचं स्वस्त मशीन असेल तर त्याची पोलॅरिटी तपासा, फ्लक्सच्या वायरला गन निगेटिव्हला लागते, साध्या वायरला पॉझिटिव्हला, हे उलटं असलं की कितीही सेटिंग फिरवा, हात बसत नाही. सलग ओढायचं नाही. एक टाका इथे, दुसरा पॅचच्या समोरच्या कडेला, तिसरा तिसरीकडे, आणि हात लावता येईल इतपत थंड झाल्यावरच त्याच्या शेजारी पुढचा. ओल्या फडक्याने थंड करायची घाई नको, पत्रा आणखी आखडतो. जोडाच्या मागे तांब्याची जाड पट्टी धरली तर ती आच ओढून घेते आणि वेल्ड तिला चिकटत नाही, पडलेली भोकंही अशीच भरतात. घासतानाही फ्लॅप डिस्क एका जागी धरून ठेवू नका, वेल्डिंगने वाचलेला पत्रा ग्राइंडरच्या आचेने झोल खातो.

आणि हे वेल्डिंगचं काम सुरू करण्याआधी बॅटरी काढा, आजूबाजूचा नमदा आणि वायरिंग बाजूला करा, पेट्रोलची टाकी गाडीतून उतरवून शेडबाहेर ठेवा. टाकीलाच भोक असेल तर तिला घरी आच लावायची नाही, रिकाम्या टाकीत राहिलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, ठिणगी नमद्यात धुमसत राहते.

प्रश्न : लांबी किती जाड चालते? आणि पाण्याने घासायची की कोरडी? (सिन्नर)

उत्तर : ३ मिमीच्या वर नको. त्यापेक्षा खोल खड्डा असेल तर पत्रा अजून ठोकून वर आणायचा बाकी आहे. हार्डनर १०० ग्रॅम लांबीला साधारण २ ग्रॅम, लवकर वाळावी म्हणून जास्त टाकला तर महिन्याभराने रंगातून डाग वर येतात. आणि घासायची कोरडीच. गॅरेजमधे सर्रास पाणी मारत घासतात कारण धूळ उडत नाही, पण लांबी पाणी पिते, ते खाली पत्र्यापर्यंत जातं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच फोड येतो. धुळीचा मास्क लावा आणि कोरडी घासा.

प्रश्न : दादा, माझा भाऊ गंगापूर रोडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधे जुन्या गाडीला स्प्रे पेंट करणार म्हणतोय, तोंडाला रुमाल बांधून. वास येईल एवढंच ना?

उत्तर : नाही ताई, वासाचा प्रश्नच नाही, आणि त्याला थांबवा. टू-के पेंट म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, त्याच्या हार्डनरमधे आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की पुढे अगदी थोड्याशानेही श्वास कोंडतो. वास येत नाही म्हणजे धोका नाही असंही नसतं. रुमाल, कोविडचा मास्क, यातलं काही चालत नाही, त्याला बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्क लागतो, आणि पार्किंगमधे लहान मुलं खेळत असतात त्यांना कोण मास्क देणार. त्याला सांगा घासणं, लांबी, मास्किंग सगळं घरी कर, इपॉक्सी प्रायमर ब्रशने मार, तेही ग्लव्हज घालून आणि खिडक्या उघड्या ठेवून, आणि शेवटच्या रंगासाठी भाड्याने पेंट बूथ घे. पैसे जातील, पण धूळ न बसलेला रंगही मिळेल.

प्रश्न : आत्ता पाऊस सुरू आहे. त्र्यंबक रोडला शेड आहे, रंग काढायला घेऊ का?

उत्तर : अजिबात नको. तुमच्या बाजूला पाऊस शहरापेक्षा जोरात, रात्री घासलेला पत्रा सकाळी नारिंगी झालेला दिसेल. पावसाळ्यात पाण्याची परीक्षा, सीटा, क्रोम, काचांची रबरं, इंजिनचं काम उरका. पत्रा दसऱ्यानंतर उघडा आणि एका दिवसात जेवढ्यावर इपॉक्सी मारून होईल तेवढाच उघडा. डिसेंबर-जानेवारीत कापणं, ठोकणं, वेल्डिंग खुशाल करा, पण इपॉक्सी आणि रंग नाशिकच्या थंडीत नीट सेट होत नाहीत, पहाटेचा पत्रा बर्फासारखा गार असतो आणि त्यावर दव धरतं. रंगाला फेब्रुवारीचा शेवट आणि मार्च सगळ्यात चांगले. आणि प्रायमर सरफेसरवर (रंगाआधी घासून सपाट करायच्या थरावर) गाडी पुढचा पावसाळा काढेल असं समजू नका, तो पाणी आत घेतो. पावसाआधी रंग होणार नसेल तर इपॉक्सीवरच थांबा.

प्रश्न : माझी १९७२ ची फियाट आहे, तिला विंटेजची नंबर प्लेट मिळेल का? रंगही बदलायचा आहे.

उत्तर : २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात ठेवलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. पण मग ती रोज भाजी आणायला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांनाच. त्यामुळे गाडी रोज फिरवायची असेल तर साधंच रजिस्ट्रेशन पुढे चालवा. बॉडीचा पत्रा बदलताना चासी नंबर कोरलेला तुकडा कधीही कापू नका, घासूही नका, त्यावर ग्रीस लावून टेप मारा आणि काम सुरू करण्याआधी तारखेसह त्याचा फोटो काढून ठेवा. रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते, तेव्हा डबा आणायच्या आधी आरटीओत जाऊन कागद विचारून या.