पीआरपी घेण्याआधी डिस्चार्ज कार्डावरची गोळी बघा

तुम्ही लिहिलंय: आठ महिन्यांची कंबरदुखी, एमआरआयमध्ये एल५-एस१ ची (कंबरेच्या सगळ्यात खालच्या मणक्याखालची) गादी बाहेर आलेली, फिजिओ करून झाली, ऑपरेशन नको, आणि आता पुढ्यात तीन पीआरपी इंजेक्शनांचं पॅकेज. तुमचं वाचताना माझीच जुनी फाइल उघडल्यासारखं वाटलं. पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातल्या प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) दाट करून दुखऱ्या जागी टोचणं. मी डॉक्टर नाही, तेव्हा खालचं सगळं तुमच्या डॉक्टरांकडून पडताळून घ्या.

आधी गोळ्या, कारण मला सगळ्यात महागात पडलं ते हेच. सुईनंतर हातात जे छापील कार्ड पडतं त्यावर ‘ॲसिक्लोफिनॅक + पॅरासिटामॉल, दिवसातून दोनदा, ५ दिवस’ असू शकतं. पॅरासिटामॉल दिसलं की माणूस निर्धास्त गिळतो, पण ॲसिक्लोफिनॅक ही सूज उतरवणारी गोळी आहे. पीआरपीत मात्र थोडी सूज हवीच असते. प्लेटलेट्समधले वाढीचे घटक सुटतात, सूज येते, तिच्यातून दुरुस्ती सुरू होते. सूज उतरवणारी गोळी नेमकी तिथेच आडवी येते. ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं एन्झाइम कायमचं बंद करते आणि प्लेटलेट जगते ८ ते १० दिवस. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या तशाच गोळ्यांचा असर लवकर उतरतो, तरी अशा गोळ्यांबद्दल सर्वसाधारण सल्ला सुईआधी आठवडाभर आणि नंतर २ ते ४ आठवडे बंद असाच असतो. याचा पुरावा प्रयोगशाळेतला जास्त, माणसांवरचा कमी, हेही खरं. तरी एवढे पैसे ओतून ही जोखीम कशाला? गोळीच्या नावामागे ‘पी’, ‘एसपी’, ‘प्लस’ असेल तर त्यात सूज उतरवणारं औषध मिसळलेलं असू शकतं, पाकिटामागचा बारीक मजकूर वाचा. नुसतं पॅरासिटामॉल चालतं; त्यावर भागलं नाही तर काय घ्यायचं ते आधीच लिहून मागा. हृदयात स्टेंट असेल तर ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने अजिबात थांबवू नका. (मी कार्ड दाखवल्यावर उत्तर मिळालं, ‘सगळ्यांना हेच देतो’. वाद घालण्यात अर्थ नव्हता.)

दुसरं, रक्त किती काढणार ते विचारा. हिशोब सोपा आहे. १० मिली रक्तातून ४ मिली पीआरपी काढलं, तर एकही प्लेटलेट वाया न जाता ते मूळ रक्ताच्या जास्तीत जास्त अडीचपट दाट होईल. ३० मिली घेतलं, रक्तात मायक्रोलिटरला २ लाख प्लेटलेट्स असल्या आणि त्यातल्या ६० टक्के हाती लागल्या, तर ४ मिलीत मायक्रोलिटरला ९ लाख होतात, म्हणजे साडेचारपट. केसांच्या पीआरपीसाठीची एक छोटी ट्यूब फिरवून कंबरेत टोचणार असतील तर उठून या. रक्त गोठू नये म्हणून एसीडी-ए हे द्रावण वापरतात का तेही विचारा. त्याच कामासाठी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये असलेलं ईडीटीए प्लेटलेट्सना मानवत नाही. तयार पीआरपीतल्या प्लेटलेट्सचा काउंट मागितल्यावर जे चिडतात त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही.

तिसरं, सुई नेमकी कुठे? नुसत्या एमआरआयवरून ठरवू नका. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांपैकीही सुमारे ३० टक्क्यांच्या गादीला फुगवटा दिसला होता. दुखणं फॅसेट सांध्याचं (मणक्यांमधल्या मागच्या छोट्या सांध्यांचं) की एसआय जॉइंटचं (माकडहाडाच्या वरचं हाड आणि कटिभाग यांमधल्या सांध्याचं), हे तिथे भूल देऊन आधी तपासता येतं. गादीत द्यायचं तर १ ते २ मिलीच मावतं, फॅसेटमध्ये त्याहून कमी. गादीत सुई सी-आर्मखालीच (चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राखाली), एक्स-रेत दिसणारा डाय टाकून. हाताने चाचपून नव्हे. आणि तक्रार पायात जाणाऱ्या कळेची असेल, नस दबलेली असेल, तर गादीतल्या पीआरपीकडून फार आशा ठेवू नका. गादीतल्या पीआरपीवरच्या २०१६ च्या चाचणीत एकूण ४७ पेशंट होते. निकाल चांगला होता, पण आकडा एवढाच.

म्हणून तीनचं पॅकेज आगाऊ भरू नका. एक घ्या, ६ ते १२ आठवडे थांबा, रोजचं दुखणं १० पैकी किती ते वहीत लिहा, मग पुढचं.

विम्याचं म्हणाल तर पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींच्या यादीतलं एक्सक्ल १६ हे ‘अप्रमाणित उपचारां’चं कलम शोधा. क्लेम बहुधा तिथेच अडकतो. फोनवरच्या ‘हो, होऊन जाईल’ला काडीची किंमत नाही, ईमेलवर उत्तर घ्या.

सुईनंतर २ ते ७ दिवस दुखणं वाढतं, त्याने घाबरू नका. पण कमी व्हायचं सोडून आठवड्याने आणखी वाढलं, ताप आला, रात्री कूस बदलता येईना, तर गादीत जंतुसंसर्ग असू शकतो. सीआरपी, ईएसआर (संसर्ग-सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) आणि पुन्हा एमआरआय करून घ्या. आणि लघवी अडली, बसण्याची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेना, तर पीआरपीचा विषय तिथेच सोडून त्याच दिवशी स्पाइन सर्जन गाठा.