औषधी झाडं लावायचीत? मग आधी हे वाच

हे बघ, सुरुवातीलाच वीस झाडांची लिस्ट करू नकोस, तुळस, पुदिना, गवती चहा एवढं बास झालं. तुळशीचं पान उन्हात जरा निरखून बघ, त्यावर बारीक ठिपक्यांसारख्या ग्रंथी दिसतात, लेन्स असेल तर मस्तच, सगळा वास त्या ग्रंथींमधल्या तेलात असतो, आणि ते तेल झाड आपल्यासाठी नाही बनवत, पानं खाणाऱ्या किड्यांना लांब ठेवायला बनवतं. म्हणून खताचा मारा करू नको, नायट्रोजन जास्त झालं की पानं मोठी होतात पण वास फिका पडतो. मंजिऱ्या खुडायच्या, पण एखाद्या झाडाच्या राहू दे, मधमाश्या येतात त्यावर.

आणि "नैसर्गिक आहे म्हणजे सेफ" हे डोक्यातून काढून टाक बरं का! सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन मिळतं, कॅन्सरवर वापरतात, पण तीच सदाफुली घरी उकळून प्यायली तर विषबाधा होऊ शकते. एखादी गोळी आधीच चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय कसलाही काढा नाही म्हणजे नाही.

रोपं घेताना नर्सरीत वाढवलेलीच घे. जटामांसीसारख्या झाडाचं मूळच वापरतात, ते उपटलं की झाड गेलं, आणि जंगलातून असंच उपटत राहिल्याने आज ती धोक्यात आलेली आहे. पानं खुडण्यात आणि मूळ काढण्यात हा फरक आहे. पुदिना मात्र वेगळ्या कुंडीत लाव हां, नाहीतर सगळीकडे पसरतो.