आधी रिकामी रेकॉर्ड कापा, मग आजीच्या ओव्या

प्रश्न : दादा नमस्कार, मी नाशिकला द्वारकाजवळ राहते. घरी रेकॉर्ड कापायचं छोटं मशीन सेकंडहँड घेतलंय, 7 इंची प्लास्टिकच्या कोऱ्या चकत्यांवर आजीच्या जात्यावरच्या ओव्या कापतेय, जुन्या कॅसेटवरून. पण आवाज फार वाईट येतो, सतत खरखर, मागे घूंऽऽ असा आवाज, आणि "सखे", "सासर" आलं की नुसतं फस्स फस्स होतं. लेव्हल वाढवून बघितली तर अजूनच बिघडलं. काय चुकतंय?

उत्तर : ताई, लेव्हल आधी खाली आणा आणि ओव्या सध्या बाजूला ठेवा. पहिलं काम म्हणजे काहीही न वाजवता, मशीनला आवाज न देता, एक मिनिट रिकामा चर (सुई चकतीवर पाडते ती गोल खाच) कापायचा आणि तो हेडफोन लावून ऐकायचा. त्यात जे ऐकू येईल ते सगळं मशीनचं आणि घराचं, आजीचं त्यात काहीच नाही. हे न करता लोक महिनोन् महिने इक्वलायझर फिरवत बसतात, मला फार वाईट वाटतं कारण चकत्या स्वस्त नाहीत.

रिकाम्या चरात बारीक एकसारखी घूं असेल तर ती बहुतेक 50 हर्ट्झची विजेची, अर्थिंग तपासा, ॲम्प्लिफायर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर लावून बघा. खालून गुरगुर येत असेल तर मोटर, बेल्ट नाहीतर जमिनीचा हादरा, आणि द्वारकाला रात्रंदिवस ट्रक चालतात तिथे हे होणारच. एक जाड कडप्पा घ्या, त्याच्याखाली स्कूटरची ट्यूब अर्धवट हवा भरून ठेवा आणि वर मशीन, स्पिरिट लेव्हलने सपाट करून. एवढ्याने खूप फरक पडतो, शिवाय कापायचं काम रात्री उशिरा करा.

खरखर मात्र कापणाऱ्या सुईची. सुई बोथट आहे का, चकतीला नीट उभी लागतेय का, आणि गरम किती आहे, हे तीन बघायचं. प्लास्टिक थंड असेल तर ते कापलं जात नाही, फाटतं, आणि फाटलेल्या भिंतीच खरखर करतात. पण उष्णता एकदम वाढवू नका, थोडी वाढवा, रिकामा चर कापा, ऐका, चकतीवर मार्करने खूण करा, परत थोडी वाढवा. एका जागी खरखर सगळ्यात कमी होते आणि पुढे परत वाढायला लागते, तीच तुमची जागा. थंडीत आणि मेमध्ये ती वेगळी येईल, नाशिकच्या थंडीत तर कोरड्या हवेने स्टॅटिकही (स्थिर वीज) भयंकर होतं, कापताना निघणारा प्लास्टिकचा दोरा सुईलाच चिकटतो. तो ओढून घ्यायला सुईच्या अगदी जवळ व्हॅक्यूमची बारीक नळी हवीच, व्हॅक्यूम क्लीनर स्वतः बाहेरच्या खोलीत. (कुणी लॅकरच्या चकत्या कापत असेल तर तो दोरा भरकन पेटतो, घरात साठवू नका.)

आता "सासर". कापताना आरआयएए कर्व्ह लावतात, त्यात बेस कमी करतात आणि वरचे सूर वाढवतात, 10 हजार हर्ट्झला जवळजवळ 14 डेसिबलनं. वाजवताना प्रीॲम्प (प्लेअरनंतरचा छोटा ॲम्प्लिफायर) ते उलटं करतो. म्हणजे "स" आधीच फुगून सुईपर्यंत येतो. त्यात 7 इंचीवर 45 च्या स्पीडला (मिनिटाला 45 फेरे) बाहेरच्या कडेला चर सेकंदाला साधारण 40 सेंटीमीटर पळतो आणि आतल्या टोकाला 25. म्हणजे 10 हजार हर्ट्झची एक लाट आत फक्त 25 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि वाजवणाऱ्या साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच 18 च्या आसपास, ती त्या वळणात शिरणार कशी? म्हणून कॉम्प्युटरवर डी-एसर ("स" कमी करणारा फिल्टर) लावून "स" "श" दाबा, साधारण 12 हजार हर्ट्झच्या वरचं सगळं काढून टाका, कॅसेटमध्ये तिथे आवाजापेक्षा टेपची सूं म्हणजे हिसच जास्त असतो. 40 हर्ट्झच्या खालचंही काढा. आणि मोनो करा, एका बाईचा आवाज आहे, स्टिरिओची गरज नाही, मोनोत सुई फक्त आडवी हलते, वरखाली नाही, त्यामुळे चर उथळ पडत नाही. जी ओवी सगळ्यात खड्या आवाजात आहे ती बाहेरच्या कडेला घ्या.

आणि कॅसेट परत एकदा कॉम्प्युटरवर घ्या. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू अगदी थोडा फिरवत आजीचा आवाज सगळ्यात स्वच्छ कुठे येतो ते शोधा. जात्याची घरघर काढू नका हं. ती ओवीचाच भाग आहे.

प्रश्न : मी कापलेली रेकॉर्ड माझ्याकडे नीट वाजते, मित्राकडे सुई घसरते. (सिडको)

उत्तर : चर उथळ आहे. छपाईवाले वापरतात तसलं छोटं मायक्रोस्कोप घेऊन बघा, चराची रुंदी 50 ते 60 मायक्रॉन हवी, म्हणजे केसापेक्षा थोडी कमी. कापणारी सुई 90 अंशाची असेल तर खोली रुंदीच्या निम्मी. कमी वाटली तर कापणाऱ्या हेडवर वजन थोडं वाढवा.

प्रश्न : 7 इंचीच्या एका बाजूला 8 मिनिटांचा अभंग बसेल का? (पंचवटी)

उत्तर : 45 वर नाही. 8 मिनिटांचे 360 फेरे होतात आणि जागा 30 मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्याला 0.083 मिलिमीटर. त्यात चरच 0.06 खातो, मृदंगाची एक थाप आली की शेजारच्या चरात घुसेल. 33 वर बसवता येईल पण वरचे सूर आणखी मरतील. दोन बाजूंना 4-4 मिनिटं करा, मधल्या एखाद्या अंतऱ्याला तोडून.