वाचकांचे प्रश्न : ‘जंतुनाशक’ आणि ‘निर्जंतुक’

प्रश्न : फरशी पुसण्याच्या बाटलीवर ‘जंतुनाशक’ असे छापलेले असते, तर मलमपट्टीच्या गॉजच्या पाकिटावर ‘निर्जंतुक’. दोन्हींचा अर्थ एकच आहे का? जखमेवर बांधायचे फडके घरी उकळून घेतले, तर ते निर्जंतुक झाले असे समजावे का?

उत्तर : जंतुनाशक हे द्रव्य आहे, निर्जंतुक ही वस्तूची अवस्था आहे. जंतुनाशकाने बहुतेक रोगजंतू मरतात. निर्जंतुक वस्तूवर मात्र एकही जिवंत सूक्ष्मजीव, अगदी जिवाणूंचे बीजाणूसुद्धा (त्यांची सुप्त, कठीण कवचाची रूपे), उरू नयेत अशी अपेक्षा असते. हे बीजाणू फार चिवट असतात. धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही काही मिनिटे तग धरू शकतात, म्हणून रुग्णालयात शस्त्रक्रियेची उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेत, १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे ठेवतात. तेव्हा तुमचे उकळलेले फडके स्वच्छ म्हणता येईल, निर्जंतुक नव्हे. किरकोळ खरचटले असेल तर ते चालेल. जखम खोल असेल किंवा तिच्यात माती गेली असेल, तर ती वाहत्या पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारावे. गॉजचे पाकीट एकदा फोडून हात लागला की उरलेला गॉजही निर्जंतुक राहत नाही.

खरी काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. बोलण्यात आपण फिनेललाही जंतुनाशक म्हणतो आणि जखमेवर लावायच्या औषधालाही. ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये जखमांवर कार्बोलिक आम्ल, म्हणजे फिनॉल हे जंतुनाशक, वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि तिने शस्त्रक्रियेचे रूप पालटले, हे खरे. पण त्या आम्लाने कातडी भाजते, आणि जखमांसाठी पुढे त्याहून सौम्य द्रव्ये आली. म्हणून फरशीची बाटली जखमेजवळ नेऊ नये, मग तिच्यावर कोणताही शब्द छापलेला असो.

फरशीसाठीही आधी केर आणि चिकटपणा काढावा, कारण मळाखाली औषध पोहोचत नाही. मग बाटलीवर दिलेल्या प्रमाणात पाणी घालून फरशी पुसावी आणि तिथे सांगितलेला वेळ ती ओली राहू द्यावी. लगेच कोरडी केल्यास जंतू मरायला अवधीच मिळत नाही. ब्लीच मात्र संडास धुण्याच्या आम्लात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.