पार्कलँड कोर्स अवघड का जातो? झाडं, कोन आणि सावली

गोल्फबद्दल तुम्ही विचारलंय की समुद्रकाठच्या उघड्या लिंक्स कोर्सवर भर वाऱ्यातही स्कोअर सांभाळता येतो, मग वारा अडवणारी झाडं आणि मऊ हिरवळ असलेल्या पार्कलँडवर पहिल्या नऊ होलांतच सगळं हाताबाहेर का जातं. यावर ‘फेअरवे, म्हणजे छाटलेल्या गवताचे खेळायचे पट्टे, अरुंद असतात म्हणून’ असं उत्तर दिलं जातं. ते मला अपुरं वाटतं.

खरा पेच कोनाचा आहे. लिंक्सची जमीन वाळूची, कडक. फेअरवे चुकला तरी बॉल जमिनीलगत पळवत ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) नेता येतो. पार्कलँडची माती बरेचदा चिकण असते. पाणी धरून ठेवते, त्यामुळे बॉल पडतो तिथेच थांबतो. ग्रीनच्या तोंडाशी बंकर (वाळूचा खड्डा) किंवा तळं असलं, की तो वरूनच उतरवावा लागतो, आणि त्यासाठी समोरचं आकाश मोकळं हवं. डावीकडे वळणारा डॉगलेग, म्हणजे मध्येच वाकलेला होल, घ्या. तुमचा बॉल फेअरवेच्या डाव्या कडेला, उत्तम लायवर (नीट बसलेल्या जागी) आहे. पण वळणाच्या आतल्या झाडाची एक फांदी नेमकी पिनच्या (होलातल्या झेंड्याच्या) रेषेत आलीय. फेअरवे सापडला अशी नोंद होईल, पण थेट ग्रीनवर जायची वाट गेली. उजवी कड धरली असती तर अंतर थोडं वाढलं असतं, पण अख्खं ग्रीन दिसलं असतं.

दुसरा सापळा रफचा, म्हणजे फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवताचा. पाणी पाजलेलं दाट गवत क्लबफेस (काठीचा बॉलला लागणारा भाग) आणि बॉलच्या मध्ये येतं, स्पिन मरतो आणि बॉल नेहमीपेक्षा लांब जाऊन ग्रीनवर न थांबता पलीकडे निघून जातो. याला फ्लायर म्हणतात. बॉल गवतात अर्धवट वर बसलेला दिसला की फ्लायरची शंका घ्या आणि एक क्लब कमी, म्हणजे कमी पल्ल्याची काठी, काढा. पूर्ण बुडालेला असेल तर हिशोब उलटा: वेज (बॉल उंच उचलणारा क्लब) घ्या आणि बाहेर पडा.

आता झाडांबद्दल, कारण इथे माझं मत ठाम आहे. झाडं जास्त म्हणजे कोर्स अवघड, हा समज ओकमाँटने खोटा ठरवला. पेनसिल्व्हेनियातला हा कोर्स हेन्री फाउन्सने 1903 मध्ये जवळजवळ उघड्या माळावर केला होता. पुढे शोभेसाठी हजारो झाडं लावली गेली आणि 1990 च्या दशकापासून ती पुन्हा काढली गेली. 1994 मध्ये तिथे झालेल्या यूएस ओपन स्पर्धेत (गोल्फमध्ये कमी फटके म्हणजे सरस) झाडं उभी असताना अर्नी एल्सने 279 फटक्यांवर बरोबरी साधून प्लेऑफमध्ये बाजी मारली. 2007 मध्ये बहुतेक झाडं गेली होती, तेव्हा आंखेल काब्रेरा 285 वर जिंकला. हवामान, लांबी, मांडणी सगळंच बदललेलं असतं, त्यामुळे श्रेय एकट्या झाडतोडीला देता येणार नाही. पण झाडं काढली म्हणून कोर्स सोपा झाला नाही, एवढं तरी स्पष्ट आहे.

गोल्फ क्लब झाडं तोडतात त्याचं मोठं कारण खेळाडू नसतो, गवत असतं. ग्रीनच्या पूर्वेला दाट रांग असली की सकाळचं ऊन अडतं, दव सुकत नाही, हवा खेळत नाही. बुरशीला हेच हवं असतं. वर मुळं पाणी पळवतात. सावलीतल्या ग्रीनवर बेंटग्रास हे ग्रीनचं गवत विरळ होतं, शेवाळ आणि पोआ हे नको असलेलं गवत घुसतं. चांगली माती, चांगला निचरा, महागडी फवारणी असूनही असं ग्रीन वर्षानुवर्षं आजारी राहतं. अशा वेळी ‘झाड वाचवा’ म्हणणाऱ्या सभासदांची तळमळ मला कळते, पण ग्रीनकीपरचं (कोर्सची निगा राखणाऱ्याचं) ऐकावं. झाड लावताना ते तीस वर्षांनी केवढं होईल हे कुणी मोजलेलं नसतं, त्याची किंमत तो भरतो.

याचा अर्थ झाड नकोच, असं नाही. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल कोर्सच्या 17 व्या होलवर डावीकडे एकच पाइन होता. त्यात आपला बॉल वारंवार अडकतो म्हणून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तो तोडावा असं क्लबच्या सभेत सुचवलं, आणि क्लबने ते मानलं नाही. अखेर 2014 मधल्या बर्फाच्या वादळात तो गेला. असं एकटं झाड प्रश्न विचारतं: वरून जायचं, वळवून न्यायचं, की बाजूने? दुतर्फा भिंतीसारखी रांग असली की विचारण्यासारखं काही उरतच नाही. खेळाडू बॉल आडवा बाहेर काढतो आणि पुढे चालतो. डिझाइनरची कसोटी मला इथे दिसते.

म्हणून पुढच्या वेळी टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) उभं राहिल्यावर ‘झाडी कुठे आहे’ याआधी पिन कुठे आहे ते बघा आणि मग फेअरवेची बाजू ठरवा. त्यासाठी ड्रायव्हर (सर्वात लांब मारणारा क्लब) ठेवून कमी पल्ल्याचा हायब्रिड काढावा लागला तरी चालेल. झाडीत गेलातच तर फटीतून मारायचा मोह टाळा. शोधायला तीन मिनिटंच मिळतात, म्हणून शंका असली की टीवरूनच प्रोव्हिजनल, म्हणजे राखीव दुसरा बॉल, मारून ठेवा. स्विंगला जागा व्हावी म्हणून फांदी मोडली की दंड लागतो. बॉल खोडाला चिकटला असेल तर नियम 19 खाली एक फटका दंड घेऊन दोन क्लबच्या लांबीच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता ड्रॉप घ्या (बॉल हातातून खाली टाका). पण आधी बघा, तिथून तरी स्विंग मोकळा मिळतोय का. नसेल, तर पिन आणि बॉल यांच्या सरळ रेषेत मागे जाण्याचा पर्याय बहुतेकदा बरा पडतो.