जर्मनीतील स्वयंपाकघरात पाऊल ठेवण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. हॉटेल मॅनेजमेंटचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर पुण्यात इंडियन सेक्शनवर काढलेली तीन वर्षे, एवढ्या शिदोरीवर जर्मनीतील एका भारतीय रेस्टॉरंटचे बोलावणे तुला आले आहे, पगाराचा आकडा रुपयांत मांडला की घरातील सगळे थक्क होतात, आणि मालकाला महिनाभरात उत्तर हवे आहे, असे तू लिहिले आहेस. जावे की नाही, एवढेच तू विचारलेस. माझे मत असे की जरूर जावे, परंतु या वाटेने जाऊ नये. निदान ती वाट कुठे संपते हे पुरते समजून घेतल्याशिवाय तरी जाऊ नये.

भारतीय रेस्टॉरंट तुला ज्या तरतुदीखाली नेणार आहे, तिला तिकडे श्पेत्सिअलिटेटनकोख म्हणतात, म्हणजे एखाद्या देशाचे खास पदार्थ करणारा आचारी. हा परवाना पहिल्या वेळी जास्तीत जास्त एका वर्षाचा मिळतो, पुढे वाढवत नेला तरी एकूण चार वर्षांपर्यंतच जातो, आणि तो संपल्यावर तीन वर्षे उलटेपर्यंत याच प्रकारच्या कामासाठी पुन्हा परवानगी मिळत नाही. तो त्या विशिष्ट नोकरीशी बांधलेला असतो, त्यामुळे मालकाशी पटले नाही म्हणून समोरच्या जर्मन हॉटेलात उद्यापासून उभे राहता येत नाही. यात फसवणूक काही नाही, कायदाच तसा आहे. पण बोलावणे धाडणारा मालक तो समजावून सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

मी स्वतः 2008 मध्ये याच वाटेने गेलो होतो. करारात आठ तासांचा दिवस लिहिलेला होता, प्रत्यक्षात तो अकरा-बारा तासांचा असे. पगार खात्यावर पूर्ण जमा होई आणि त्यातील काही भाग महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रोख स्वरूपात परत द्यावा लागे. राहण्याची खोली रेस्टॉरंटच्याच वर होती, त्यामुळे कामावरून घरी जाणे म्हणजे एक जिना चढणे, आणि आजारी असलो तरी खालून हाक येणे. मला त्या माणसाचा राग आहे, तो आजही गेलेला नाही. परंतु त्याहून अधिक दुःख या गोष्टीचे आहे की त्या चार वर्षांत मी काहीच नवे शिकलो नाही. तीच मखनी, तीच कांदा-टोमॅटोची बेस ग्रेव्ही, तोच तंदूर. स्वयंपाकघरात सगळे हिंदी बोलत, म्हणून जर्मन भाषा कानावरही पडली नाही. 2012 मध्ये मुदत संपून मी कोल्हापूरला परतलो तेव्हा माझ्याकडे थोडी शिल्लक होती, परंतु तिकडच्या कुणा हॉटेलवाल्याने वाचून मला कामावर घ्यावे असा एकही कागद नव्हता.

तो कागद मिळवण्याचे दोन मार्ग आहेत, आणि तुझ्या वयात ते दोन्ही खुले आहेत.

पहिला मार्ग तुझ्या पदविकेला मान्यता मिळवण्याचा. न्यूरेंबर्ग येथे इहाका फोझा नावाची संस्था आहे. परदेशातील अभ्यासक्रम आणि जर्मन आचाऱ्याचे प्रशिक्षण यांची तुलना करून काय जुळते आणि काय कमी पडते, हे ती लेखी कळवते. बहुतेक वेळा आपल्याकडील मुलांना अंशतः मान्यता मिळते, आणि उरलेला भाग तिकडील स्वयंपाकघरात काम करून भरून काढावा लागतो. मी 2016 मध्ये याच पद्धतीने परत गेलो. मार्च 2024 पासून आणखी एक सोय झाली आहे: मूळ देशात शासनमान्य असलेले किमान दोन वर्षांचे शिक्षण आणि ए-2 पातळीची, म्हणजे प्राथमिक, जर्मन भाषा असेल, आणि मालक करार करून जबाबदारी घेत असेल, तर आधी तिकडे जाऊन मान्यतेची प्रक्रिया काम करता करता पूर्ण करता येते. तुला बोलावणाऱ्या मालकाला तू हेच विचारून पाहा. तो या गोष्टीला तयार झाला तर माणूस चांगला आहे असे समज.

दुसरा मार्ग आउसबिल्डुंगचा, म्हणजे तीन वर्षे हॉटेलात शिकाऊ म्हणून काम करायचे, त्याबरोबर व्यवसायशाळेत जायचे आणि शेवटी उद्योग-वाणिज्य मंडळाची परीक्षा द्यायची. यासाठी बहुधा बी-1, म्हणजे ए-2 च्या वरच्या पातळीची भाषा लागते. पैसा कमी मिळतो. 2025 मध्ये सुरू झालेल्या प्रशिक्षणासाठी पहिल्या वर्षाचा कायद्याने ठरलेला किमान मोबदला महिना 682 युरो होता, हॉटेले साधारणतः याहून अधिक देतात. पुण्यात कमी-वन, म्हणजे कनिष्ठ आचाऱ्यांतील वरच्या पायरीवर, पोहोचलेल्या मुलाला पुन्हा शिकाऊ व्हायला सांगणे कडू लागेल, हे मी जाणतो. तरीही तू बावीस-पंचविशीत आहेस म्हणून मी हाच मार्ग अधिक पसंत करीन. तिकडे प्रशिक्षण पूर्ण करून पात्र नोकरी धरणाऱ्याला, भाषा आणि इतर अटी पाळल्यास, दोन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. आणि कागदाचे बाजूला ठेवले, तरी हात घडतो तो याच तीन वर्षांत.

हात घडतो म्हणजे काय, ते थोडे सविस्तर सांगतो. वसंतात पांढरा श्पार्गल येतो, म्हणजे मातीखाली वाढवलेला शतावरीवर्गीय कोंब. त्याचा हंगाम परंपरेने 24 जूनला संपतो. त्या दिवसांत शिकाऊ मुलांना तो किलोच्या किलो सोलावा लागतो. टोकाखालून सुरुवात करून खालपर्यंत साल पूर्ण काढावी लागते, कारण एक दोरा जरी राहिला तरी तो शिजत नाही आणि पाहुण्याच्या दातात येतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यातच सुरी हाताळण्याची शिस्त आहे. मी राहतो त्या स्टुटगार्टच्या भागात श्पेत्स्ले करतात: अंड्याचे सैलसर पीठ लाकडी फळीवर पसरून धारदार पट्टीने उकळत्या पाण्यात तासून टाकायचे. पहिले काही आठवडे माझे श्पेत्स्ले गोळे होत. पीठ किती वेळ फेटायचे हे पुस्तकातील आकड्यांनी कळत नाही, ते मनगटाला कळावे लागते. हेच श्पेत्स्ले मसुरीसारख्या कडधान्याच्या दाट कालवणाबरोबर वाढतात, आणि त्या कालवणात शेवटी व्हिनेगर घालतात. पहिल्यांदा चाखले तेव्हा मला आईच्या मसुराच्या आमटीतील आमसूल आठवले. आंबट कशासाठी आणि ते कोणत्या क्षणी घालायचे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे, आणि असे प्रश्न ओळखू येऊ लागले की परका स्वयंपाक परका राहत नाही.

आता ज्या विषयावर मी शिकाऊ मुलांशी सर्वाधिक बोलतो, तो विषय. युरोपीय संघाच्या नियमानुसार डिसेंबर 2014 पासून उपाहारगृहातील सुट्या पदार्थांतही 14 प्रकारच्या अॅलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावी लागते. त्या यादीत ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे आहेत, हे तुला माहीत असेल. पण मोहरीही आहे. तीळ, शेंगदाणे आणि काजूही आहेत. आपल्या घरच्या स्वयंपाकाकडे या नजरेने पाहा: मोहरीची फोडणी न दिलेली भाजी-आमटी क्वचितच सापडेल, दाण्याचे कूट आपण सवयीने पसरतो, मखनीला काजूची पेस्ट लागतेच. आणि हिंग! बाजारात डबीतून मिळणाऱ्या बांधीव हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. ‘वरणात गहू कुठला’ असे म्हणून ग्लुटेन चालत नसलेल्या पाहुण्यासमोर ते ठेवले, तर त्याला त्रास होईल आणि चूक तुझी असेल. मी एकदा अशीच फोडणी दिली होती. पाहुण्याने आधी विचारले म्हणून अनर्थ टळला, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून मी मसाल्याच्या प्रत्येक डबीवरील घटकांची यादी स्वतः वाचतो आणि सेक्शनवरील मुलांकडून वाचून घेतो.

यावरून तू ओळखले असशील की भाषा मी सुरीच्या आधी का ठेवतो. डबी वाचता आली नाही, वेटरने ओरडून सांगितलेली सूचना कळली नाही, तर हातातील कौशल्य उपयोगी पडत नाही. पुणे आणि मुंबई येथील मॅक्स म्युलर भवनात जर्मनचे वर्ग आहेत. नोकरी सांभाळून बी-1 होण्यास वर्ष-दीड वर्ष लागेल असे धरून चाल. एक दिलासा देतो: जर्मनमधील गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, आणि इंग्रजीच्या सवयीने अडखळणाऱ्यांना ते जड जाते, मराठी माणसाला मात्र ती रचना घरची वाटते.

मांसाबद्दल तू काही लिहिले नाहीस, म्हणून मीच विचारतो. तिकडच्या स्वयंपाकघरात डुकराचे आणि गाईचे मांस रोज हाताळावे लागते, परीक्षेत तेच समोर येऊ शकते, आणि चव घेतल्याशिवाय सॉस पूर्ण होत नाही. यात योग्य-अयोग्य मी ठरवणार नाही. पण हा निर्णय घरच्यांशी मोकळेपणाने बोलून, निघण्यापूर्वी घे. तिथे पोहोचल्यावर दररोज मन मारून काम करणारी मुले मी पाहिली आहेत. ती कामातही टिकत नाहीत आणि घरी फोन करणेही टाळू लागतात.

पगाराचे गणित पुन्हा मांड. तुला कळवलेला आकडा ब्रुटो, म्हणजे कपातीपूर्वीचा आहे. अविवाहित माणसाच्या पगारातून कर, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन आदींपोटी पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक जातो, आणि उरलेल्यातून घरभाडे द्यायचे असते. 2025 मध्ये किमान वेतन तासाला 12.82 युरो होते, 2026 साठी ते 13.90 ठरले; करारातील मासिक रकमेला करारातील महिन्याच्या एकूण तासांनी भागून पाहा. दिवसाचे काम सर्वसाधारणपणे आठ तासांचे आणि फार तर दहा तासांचे असावे असा कायदा आहे. तुझ्या तासांची नोंद तू स्वतःच्या वहीत रोज ठेव. पासपोर्ट कोणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नकोस. मध्यस्थ लाखांची भाषा करू लागला तर तिथेच थांब.

तुला ठाऊक असेलच की मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरे आहेत, आणि 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला आहे. त्याखाली हॉटेल क्षेत्रासाठी सध्या काय सुरू आहे, याची चौकशी तू पुण्यात राहूनच कर.

मालकाला एवढेच कळव की करार जर्मन आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत हवा आणि वाचण्यास दोन आठवडे हवेत. करार आला की सही करण्यापूर्वी मला पाठव. रविवारी दुपारी मला सुटी असते, आपण ओळ न् ओळ एकत्र वाचू. आणि भाषेच्या वर्गात नाव घातलेस की त्याच दिवशी कळव.

तुझा हितचिंतक