लीन, तल्लीन आणि जू

दर्यापूर तालुक्यातल्या एका वाचकांनी विचारलं आहे: "माझे वडील शेतकरी, विश्वासात पक्के. आम्हा भावंडांना एकच सांगायचे, 'देवापाशी तल्लीन राय, मानसापाशी लीन राय.' परवा आमच्या चर्चच्या मंडळीच्या सभेत एका वक्त्यांनी 'लीनदीन व्हा' म्हणत लीन म्हणजे दीनच, असं सांगितलं. एक शिक्षक म्हणाले, तल्लीन हा कीर्तनातला शब्द, ख्रिस्ती घरात कशाला? लीन आणि नम्र एकच का? आणि लिहायचं कसं, 'लिन' की 'लीन'?"

'लीनदीन' ही जोडी ऐकली की माझं डोकं उठतं. भाषणांत, प्रार्थनांत, श्रद्धांजलीच्या फलकांवर, सगळीकडे ती घुसली आहे. यमक जुळलं म्हणून अर्थ जुळत नाही. दीन म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही, ज्याची दशा वाईट आहे तो. 'जे आत्म्याने दीन ते धन्य' या वचनात तो शब्द अगदी नेमका बसला आहे, कारण तिथे रिकामेपणाचीच गोष्ट चालली आहे. लीनमध्ये मात्र गरिबी नाही, लाचारी नाही आणि हात जोडून गप्प बसणंही नाही.

नम्रचं सांगून पुढे जातो. 'नम्' म्हणजे वाकणं. त्यातून नमस्कार, नमन, प्रणाम. फारसीतला नमाजही याच कुळातला. तुकोबांचा 'नम्र झाला भूतां' हा तोच वाकलेला माणूस.

लीनची धातू निराळी: ली. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, तिचा अर्थ दिलाय 'श्लेषणे', म्हणजे चिकटणं, बिलगणं. बिलगता बिलगता वेगळेपण संपतं, म्हणून विरघळणं, दिसेनासं होणं हेही अर्थ तिला आले. लय, विलय, प्रलय, विलीन ही सगळी तिची लेकरं. आणि आलय! आ + ली, जिथे जाऊन आपण बिलगतो, वस्तीला राहतो ती जागा. हिमालय म्हणजे बर्फ जिथे ठाण मांडून आहे तो. देवालयही तसंच. (देऊळ हा देवालयाचा अपभ्रंश आहे असं सांगणारे अजून भेटतात. नाही. देऊळ आलं देवकुलावरून, जसं राऊळ राजकुलावरून. नुसता 'ऊ' पाहिला तरी कळावं.)

आता तुमच्या वडलांचं वाक्य बघा. तल्लीन म्हणजे तत् + लीन. पुढे 'ल' आला की 'त्'चा 'ल्' होतो. उल्लेख आणि उल्लंघन यांतही हेच घडलंय. तत् म्हणजे 'त्या'त, आणि लीन म्हणजे बिलगलेला. तेव्हा देवापाशी तल्लीन आणि माणसापाशी लीन ही दोन शिकवणी नाहीतच. भक्ती आणि नम्रता आपण वेगवेगळ्या फडताळांत ठेवतो. त्या माणसाने दोन्ही एकाच धातूवर उभ्या केल्या. शिवाय त्यांनी 'पाशी' म्हटलं, तेही फार बरोबर. नम्र आपण कोणा'पुढे' होतो, तिथे मध्ये अंतर उरतं. लीन होतो ते 'चरणी', 'ठायी', 'पाशी'. सभांमधून 'आपणापुढे लीन होतो' असं जे बोललं जातं, ते म्हणूनच कानाला खटकतं.

समानार्थी शब्दांच्या पुस्तकांत लीन, नम्र, विनम्र, दीन एका ओळीत छापून मोकळे होतात. ते करणाऱ्यांनी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय उघडावा. तिथे येशू स्वतःला 'मनाचा सौम्य व लीन' म्हणतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'खालचा, सखल'. मराठी अनुवादात 'नीच' आलं नाही, 'दीन'ही आलं नाही. आलं ते लीन. आणि त्याच वचनात, अगदी शेजारी, आहे 'माझे जू आपणांवर घ्या व माझ्यापासून शिका.'

जू! हा शब्द विदर्भातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्या खांद्याला हळद-लोणी लावून शेकतात, तो खांदा या जुवानेच दुखलेला असतो. जू आलं संस्कृत 'युग'वरून, त्याची धातू युज्, जोडणं. योग आणि जुपणं हे त्याचे सख्खे भाऊ. म्हणजे एका वचनात दोन शब्द आले, एकाचा अर्थ जोडणं, दुसऱ्याचा बिलगणं. माझं ठाम मत आहे की त्या वचनातलं 'शिका' हे या दोन शब्दांच्या मधोमध ठेवूनच वाचायला हवं. नवा गोऱ्हा शिकवायचा तर त्याला उपदेश करत नाहीत, जाणत्या बैलाच्या जोडीला जुपतात. नांगराचे चार तास (सरी) मारले की चाल आपोआप त्याच्या पायांत उतरते. ख्रिस्त इथे तो जाणता जोडीदार आहे, आणि लीनता म्हणजे त्याच्या चालीला चाल लागणं. जुवाला नुसतं ओझं समजून प्रवचनं करणाऱ्या पाळकांशी मी इथे वाद घालायला तयार आहे. एकट्याच्या पाठीवर टाकतात ते ओझं. जुवाला दोन खांदे लागतात.

योहानाच्या तेराव्या अध्यायातही हेच आहे. जेवणावरून उठून, कमरेला रुमाल बांधून येशू शिष्यांचे पाय धुतो. पेत्र आधी नको म्हणतो, कारण गुरू पायाशी बसलेला त्याला सोसवत नाही. 'चरणी लीन' म्हणजे काय ते याहून उघड कुठे दिसणार?

कीर्तनातला शब्द ख्रिस्ती घरात कशाला, म्हणणाऱ्या शिक्षकांना एवढंच सांगा: गोव्यातले इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. ते ओवीत आहे, स्वर्गाला वैकुंठ म्हणतं आणि त्याच्या पहिल्याच ओवीत 'देवा बापा सर्वसमर्था' अशी हाक आहे. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्यांनी ख्रिस्ताला अभंगांतून आळवलं आणि मराठी मंडळ्या ते आजही गातात. ज्या भाषेत ख्रिस्ती माणूस चारशे वर्षं प्रार्थना करतो आहे, तिच्यातला कुठला शब्द त्याचा आणि कुठला परका, हे ठरवणारे आपण कोण?

वेलांटीचं राहिलं. लीन, लीनता, तल्लीन, तिन्ही दीर्घ. पत्रिकांवर छापतात ते 'तल्लिन' चूक.